गणित सर्वांचे : हिशेबाच्या ज्ञानाचा अधिकार

अक्षरज्ञान हा प्रत्येकाचा हक्क आहे, हे आता आपल्या समाजात कोणाला पटवून द्यावे लागत नाही. गणिताच्या बाबतीत मात्र तसे झालेले नाही. 'आमच्या घराण्यात कोणालाच गणित आले नाही, मग याला कुठून येणार?' असे उद्गार पालकसभेत आम्हांला आजही ऐकावे लागतात. बुद्धी वंशाने ठरते हा विचार आपण धर्माच्या व समाजाच्या क्षेत्रात नाकारला, आणि गणिताच्या तासाला मात्र तोच नकळत मान्य केला. या विसंगतीचा विचार स्मरणिकेच्या निमित्ताने व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शाळेसाठी अभ्यासक्रम सुचविला होता. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, इतिहास, भूगोल, व्याकरण आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांच्या बरोबरीने त्यांनी हिशेबाला स्थान दिले. सावकाराची वही वाचता येणे जितके आवश्यक, तितकेच त्या वहीतील बेरीज तपासता येणेही आवश्यक आहे, हे त्यामागील मर्म होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. चलन आणि विनिमयदर यांसारखा विषय अस्पृश्य समाजातून आलेल्या विद्वानाने जागतिक पातळीवर हाताळला. १९२७ साली मुंबई विधिमंडळात बोलताना, शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आले पाहिजे, अशी भूमिका त्यांनी मांडली. त्या 'प्रत्येका'त गणिताला घाबरणारे मूलही येते.

आपल्या परंपरेतील आणखी एक दाखला येथे देतो. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, १० क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. त्यांपैकी २,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या दराने, तर १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने गुंतविले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे, असेही त्यात नमूद आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते.

आता हिशेब करून पाहा. २,००० वर दरमहा २० कार्षापण व्याज, वर्षाचे २४०. वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. हिशेब तंतोतंत जुळतो. सरळव्याजाचा धडा आठवीच्या वर्गात या लेखापासून सुरू केला, तर सूत्र पाठ करण्यापूर्वीच विद्यार्थ्यांना त्याचा अर्थ उमगतो. दुसऱ्या ठेवीचे ९० कार्षापण ते आपणहून काढतात. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा व्यवहार निगमसभेत जाहीर केला गेला, आणि तो लोकांच्या प्राकृत भाषेत दगडावर कोरला गेला. हिशेब सर्वांसमोर, सर्वांच्या भाषेत असावा, यापेक्षा गणिताच्या सार्वत्रिकीकरणाचे दुसरे तत्त्व कोणते?

भाषेचा हा प्रश्न आजही जिवंत आहे. मराठीत आपण 'त्रेसष्ट' म्हणताना आधी तीन उच्चारतो व नंतर साठ. लिहिताना मात्र आधी ६ आणि मग ३. म्हणून लहान मुले ६३ ऐवजी ३६ लिहितात. ही मंदबुद्धीची खूण नव्हे. उच्चार व लेखन यांच्या उलट क्रमातून ती अडचण निर्माण होते. गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील बालभारतीच्या गणित समितीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असे वाचनही दिले, तेव्हा राज्यभर, अगदी विधानसभेपर्यंत, वादळ उठले. कन्नड व तेलुगू भाषांत दशक आधी उच्चारले जाते, हे त्या गदारोळात फारसे कोणी लक्षात घेतले नाही. 'त्रेसष्ट' हा शब्द सोडू नये, असेच आमचे मत आहे. परंतु ज्या मुलांच्या घरी पारधी, भिल्ली वा बंजारा बोली बोलली जाते, त्यांना त्या शब्दापर्यंत पोहोचण्यासाठी 'साठ तीन' ही पायरी द्यावी.

दुसरी अडचण म्हणजे पायातील पोकळी. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर स्थलांतर केलेले मूल नेमके भागाकाराच्या वा अपूर्णांकाच्या वेळी शाळेबाहेर असते. पुढील सर्व गणित त्या न शिकलेल्या भागावर उभे राहते आणि कोसळते. अशा मुलाला इयत्तेप्रमाणे नव्हे, तर त्याला जेथपर्यंत येते तेथून शिकवावे लागते. निवासी शाळेत सायंकाळच्या अभ्यासिकेत हे शक्य होते. हाच वसतिगृहाचा खरा लाभ होय.

तिसरी गोष्ट परिसराची. आपल्या घोडेगावचा कांदा बाजार हे गणिताचे उत्तम पाठ्यपुस्तक आहे. समजा, माल ९ क्विंटल ५ किलो भरला आणि भाव १,५०० रुपये आहे. अनेक मुले वजन ९.५ असे लिहितात. खरे वजन ९.०५. या एका शून्याने रकमेत ६७५ रुपयांचा फरक पडतो. दशांश चिन्हानंतरचे शून्य एरवी निरर्थक वाटते. पट्टीवर आले की त्याची किंमत समजते. पट्टीतील हमाली, तोलाई वजा करून हाती येणारी रक्कम जे मूल स्वतः काढते, ते आपल्या घराचे रक्षण करते.

या प्रयत्नांचे महत्त्व आज अधिक आहे. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात असे सुचविले गेले की, दहावीला गणित व विज्ञानात ३५ पेक्षा कमी, परंतु किमान २० गुण मिळविणाऱ्यांना उत्तीर्ण होण्याचा पर्याय असावा. मात्र पुढे हे विषय घेता येणार नाहीत, असा शेरा गुणपत्रिकेवर राहावा. नापासाच्या शिक्क्याने शाळा सुटणाऱ्या मुलांना यात दिलासा आहे, हे आम्ही नाकारत नाही. परंतु हा शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर अधिक येईल, याचा विचार करावा. ज्यांच्या घरी शिकवणीला पैसा नाही आणि अभ्यासाला जागा नाही, त्यांच्याच मुलांसमोर अभियांत्रिकी, वैद्यक व तंत्रशिक्षणाची दारे मिटतील. सवलत घेणे सोपे. तिची गरज पडू न देणे हे शाळेचे काम आहे.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे की, 'याला गणित येणार नाही' हे वाक्य मुलांसमोर, विशेषतः मुलींसमोर, उच्चारू नये. बाजाराची पट्टी, किराणा व वीजबिल त्यांच्याकडून तपासून घ्यावे. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज बँकेत, पोलीस दलात, शिक्षण व अभियांत्रिकी क्षेत्रात आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार अभ्यासिकेत येऊन पाचसहा मुलांजवळ बसावे. देणगीइतकेच हे दानही मोलाचे आहे. 'शिका' या आदेशात गणित गाळलेले नाही. ते आपणही गाळू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!