तुझ्या नावावर काय आहे गं?

बघ, सुरतेत लिंबायत, डिंडोली, उधना, कुठेही जा. आपल्या खानदेशी घरांत पैसा हातात पडायच्या आधीच त्याला वाटा फुटलेल्या असतात. थोडा गावी सासऱ्यांच्या औषधाला, थोडा गावच्या घराच्या स्लॅबला, उरला तर पोरीच्या लग्नासाठी सोन्यात. तुझं म्हातारपण त्या यादीत कुठेच नसतं. नवरा लूमवर, तू घरी साड्यांना लेस नि स्टोन लावतेस. दोन्हीकडे काम होईल तसे पैसे, आणि हात थांबले की तेही थांबतात. २०२० च्या टाळेबंदीत हे सगळ्यांनी भोगलंय.

खरं सांगू का, घाबरू नकोस. भाडं, दूध, ट्यूशन आणि गावाकडचा पाहुणा एवढ्याशा पैशांत निभावणाऱ्या बाईला हिशेब शिकवावा लागत नाही. त्या हिशेबात फक्त स्वतःचं नाव घाल.

चाळिशीच्या आत आहेस आणि आयकर भरत नाहीस ना? मग बँकेत जा आणि अटल पेन्शन योजनेचा फॉर्म भर. तिसाव्या वर्षी सुरू केलंस तर महिन्याला ५७७ रुपयांत साठीनंतर दरमहा ५,००० मिळतात. पस्तिसाव्या वर्षी त्यालाच ९०२ पडतात, चाळिसाव्या वर्षी १,४५४. म्हणून पुढच्या दिवाळीवर ढकलू नकोस. झेपत नसेल तर १,००० च्या पेन्शनपासून सुरू कर, पुढे वाढवता येते. तीस वर्षांनी पाच हजारांत काय येणार, म्हणशील. कमीच येईल, खोटं कशाला सांगू? पण गुडघ्याच्या गोळ्यांसाठी सुनेपुढे हात पसरावा लागणार नाही, हे काय थोडं झालं?

चाळिशी उलटली असेल तर पोस्टात पीपीएफ उघड. वर्षाला ५०० रुपये भरले तरी खातं चालू राहतं, आणि पंधरा वर्षं पैशाला सहज हात लावता येत नाही तेच बरं, दिरांच्या गाडीसाठी कुणी मागायला येत नाही.

नवऱ्याचा पीएफ कापला जात असेल तर त्याचा यूएएन नंबर तुझ्या वहीत हवा. मिल बदलली की पीएफ काढून मोटरसायकल घ्यायची, ही पद्धत मोड गं. दहा वर्षांची नोकरी जुळली तर पेन्शन मिळते, सगळं काढून घेतलं की पुन्हा एकपासून मोजायचं. आणि उद्या त्याचं काही बरंवाईट झालं, तर त्या खात्यातून विधवा पेन्शन मागायचा हक्क तुझा आहे.

एकटी असशील तर सगळ्यांत आधी तुझ्या खात्यांवरचा नॉमिनी तपास. तुझ्यामागे मुलांना काहीतरी मिळावं म्हणून वर्षाला ४३६ रुपयांचा जीवनज्योती विमा पन्नाशीच्या आत घे, आणि अपघातासाठी २० रुपयांचा सुरक्षा विमा. दोन्ही २ लाखांचे आहेत.

भिशी सोड असं मी म्हणणार नाही, त्या मैत्रिणी हव्यातच. भिशीतून फ्रीज घे, पण म्हातारपण तिच्यात ठेवू नकोस. चालवणारी गाव सोडून गेली तर कुणाकडे दाद मागशील? पिठाच्या डब्यातली रोकडही नको. २००६ चा तापीचा पूर आठव.

या महिन्याचे पैसे आले की गावी पाठवायच्या आधी आधार कार्ड आणि पासबुक पिशवीत टाक, आणि बँकेत जाऊन ये.