प्रवाळांसोबत कोणते मासे ठेवावेत? तोंड पाहून ओळखूया!



परिसर अभ्यासात आपण पक्ष्यांच्या चोची शिकवतो. चोच बघितली की पक्षी काय खातो ते मुलं पटकन सांगतात. हीच युक्ती समुद्री माशांना लावून बघा. खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळांसोबत कोणता मासा चालेल, हे बरंचसं त्याच्या तोंडावरून कळतं.

आधी प्रवाळ समजून घेऊ

प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो प्राणी आहे. पॉलिप नावाचे लहान लहान जीव एकत्र राहून त्याची वसाहत तयार करतात. बहुतेक भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. एखादा मासा सारखे टोचे मारू लागला, की पॉलिप अंग आत ओढून घेतात. असं रोज होत राहिलं तर शैवालाला प्रकाश कमी पडतो, पॉलिपला भक्ष्य पकडता येत नाही आणि प्रवाळ हळूहळू मरतो.

तोंड काय सांगतं?

१. लांब, चिमट्यासारखं तोंड : बटरफ्लाय फिश. यांतल्या अनेक जाती पॉलिपच टिपून खातात. दिसायला सुंदर, पण प्रवाळांच्या टाकीत नको.

२. पोपटासारखी चोच : पॅरटफिश. दात जुळून चोच झालेली असते. खडक व मृत प्रवाळ खरवडून तो शैवाल खातो, काही जाती जिवंत प्रवाळही कुरतडतात.

३. दणकट दात : ट्रिगरफिश व पफर. खेकडे, शिंपले फोडणारे हे मासे टाकीत शांतता ठेवत नाहीत.

४. लहान तोंड, पाण्यात तरंगणारे कण टिपणारं : क्लाउनफिश, क्रोमिस, कार्डिनल फिश, फायरफिश. हे प्रवाळांना सहसा त्रास देत नाहीत.

५. शैवाल खरवडणारं लहान तोंड : टँग. प्रवाळांवर वाढणारं शैवाल खाऊन तो उलट मदतच करतो.

मोठ्या एंजलफिशबद्दल मात्र सावध राहा. काही महिने गुण्यागोविंदाने राहून मग टोचायला लागतात. थोडक्यात, नियम बहुतेक वेळा लागू पडतो, पण प्रत्येक माशाचा स्वभाव वेगळा!

पालकांसाठी खास

‘फाइंडिंग निमो’ पाहून मुलं निमो आणि डोरी दोन्ही मागतात. निमो म्हणजे क्लाउनफिश, साधारण १० सें.मी.चा. पण डोरी म्हणजे ब्लू टँग, तो ३० सें.मी.पर्यंत वाढतो आणि त्याला सतत पोहायला लांब जागा लागते. लहान टाकीत त्याला कोंडू नका. विकत घेताना "हा मासा टाकीतच जन्मलेला आहे का?" हे जरूर विचारा. क्लाउनफिशची पैदास टाकीत होते. समुद्रातून मासे पकडताना काही देशांत सायनाइडचा वापर झाला आहे आणि त्याने प्रवाळही मरतात. म्हणजे घरातले प्रवाळ वाचवायचे आणि समुद्रातले मारायचे, असं नको व्हायला.

नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. औषध द्यायचं तर तिथेच द्या. तांबे असलेलं औषध मुख्य टाकीत टाकलं तर प्रवाळांचा जीव जातो.

आणि हे महत्त्वाचं : भारतात भित्ती बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. समुद्रातून ते काढणं व विकणं हा गुन्हा आहे. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. सहलीला गेलात तर बघा, हात लावू नका, तुकडा आणू नका.

वर्गातील उपक्रम

पाच माशांची चित्रं द्या, नावं झाका. फक्त तोंड बघून मुलांनी ‘चालेल’, ‘नको’ किंवा ‘विचार करू’ अशा तीन गटांत लावायची. प्रत्येकाने कारण सांगायलाच हवं. उत्तर चुकलं तरी चालेल, कारण महत्त्वाचं. टाकी घरी नसली तरी चालेल. ज्याला घरी आणायचंय तो काय खातो, किती वाढतो आणि कुठून आला, हे आधी विचारायची सवय लागली की पाठ सार्थकी लागला.