फॉर्म भरला, पुढे काय?

पुस्तक छापायचं ठरलं की प्रकाशक लेखकाकडे एक प्रश्नावली पाठवतो. नाव काय, मुखपृष्ठावर कोणतं नाव हवं, जन्म कुठला, आधीची पुस्तकं कोणती, या पुस्तकाचा चार ओळींत सारांश काय, परीक्षणासाठी प्रत कोणाला पाठवायची, असे प्रश्न त्यात असतात. आपल्या वार्षिकांकाचा 'लेखक माहिती फॉर्म' म्हणजे तिचंच छोटं रूप. उत्तरं गोळा करणं आता सोपं झालंय. ऑनलाइन फॉर्मची लिंक हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकली की मेसमध्ये जेवता जेवता पोरं फॉर्म भरतात. खरं काम त्यानंतरचं! आलेली उत्तरं कशी ठेवायची, कशी तपासायची आणि त्यातलं काय छापायचं, याचे चार नियम या लेखात बघू. कॉलेजच्या अंकाला एक्सेल पुरेल, मोठ्या प्रकाशनाला डेटाबेस लागेल. नियम दोन्हीकडे तेच.

नियम पहिला : मूळ उत्तराला हात लावायचा नाही

समजा, एका ज्येष्ठ सरांनी लिहिलं, 'जन्मस्थळ : तिरोडा, जि. भंडारा'. टाइप करणाऱ्या मुलाला वाटतं, तिरोडा तर गोंदिया जिल्ह्यात! तो त्याच रकान्यात 'गोंदिया' करून टाकतो. पण गोंदिया जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. सरांच्या जन्माच्या वेळी तिरोडा भंडारा जिल्ह्यातच होतं. म्हणजे सरांचं उत्तर बरोबर, आणि आजच्या नकाशाप्रमाणे मुलाचंही बरोबर. चूक आहे ती जुनं पुसून त्यावर नवं लिहिण्याची.

म्हणून दोन रकाने ठेवायचे. एक 'लेखकाचं उत्तर', जो कुलूपबंद राहील. दुसरा 'छपाईचा मजकूर', ज्यात संपादक दुरुस्ती करतील. शेजारी दुरुस्ती कोणी केली आणि कधी, ही नोंद. एखाद्याने फॉर्म दोनदा भरला तर आधीची ओळ उडवायची नाही. दोन्ही ठेवून शेवटच्या ओळीवर 'चालू' अशी खूण करायची.

तारखांकडे तर डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. अमेरिकन पद्धतीवर सेट केलेली शीट आपली ३/४ म्हणजे ३ एप्रिल ही तारीख ४ मार्च समजते. तसंच 'लेखनाची भाषा' या प्रश्नाला फक्त मराठी, हिंदी, इंग्रजी असे तीनच पर्याय दिले, तर आपल्या भागातला झाडीबोलीत कविता लिहिणारा मुलगा नाइलाजाने 'मराठी'वर टिक करतो आणि त्याची खरी ओळख फॉर्ममध्येच हरवते. 'इतर' म्हणून एक मोकळी जागा ठेवायला काहीच खर्च येत नाही.

नियम दुसरा : माणूस एक, नावं अनेक

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला. लेखिका विभावरी शिरूरकर. प्रकाशक ह. वि. मोटे. स्त्रियांच्या मनातली घुसमट इतकी उघडपणे मांडलेली पाहून त्या काळी मोठी खळबळ उडाली. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव होतं. लेखिकेचं खरं नाव बाळूताई खरे. १९३८ साली विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. आता सांगा, नावावरून शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला या किती लेखिका दिसतील? तीन!

यावर उपाय सोपा आहे. ई. एफ. कॉड यांनी १९७० साली रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. त्या पद्धतीत प्रत्येक लेखकाला एक क्रमांक द्यायचा आणि नावांचा तक्ता वेगळा करायचा. एका क्रमांकापुढे कितीही नावं येऊ शकतात : जन्मनाव, लग्नानंतरचं नाव, टोपणनाव. उत्तरांचा तक्ता आणि लेखांचा तक्ता याच क्रमांकाला जोडायचे. संशोधकांसाठी २०१२ साली सुरू झालेला ऑर्किड हा १६ अंकी क्रमांकही याच विचारातून आला.

आणखी एक गोष्ट. बाहेरच्या देशांत बनलेल्या बऱ्याच फॉर्ममध्ये 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' असे दोनच रकाने असतात. आपल्याकडे मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं, काही जण आडनाव लावतच नाहीत. त्यामुळे 'अंकात नाव जसं छापून हवं तसंच इथे लिहा' असा एक प्रश्न विचारला की अर्धे वाद मिटतात.

नियम तिसरा : दिसतं तसं नसतं

'कुऱ्हाडे' हे आडनाव घ्या. युनिकोडमध्ये यातला 'ऱ' दोन प्रकारे साठवता येतो : एकच अक्षर म्हणून, किंवा साधा 'र' अधिक खालचा नुक्ता म्हणून. तिसरा प्रकार म्हणजे 'र', हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण सर्च केलं तर एक सापडतं, दोन सुटतात. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने एक होतात. तिसरा मात्र होत नाही, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. ही सफाई शोधायच्या रकान्यात करायची, मूळ उत्तरात नाही. जुन्या अंकांच्या फाइल युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर आधी कन्व्हर्टरने बदलून घ्या. नाहीतर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी येते.

नियम चौथा : सगळं सगळ्यांसाठी नसतं

पुन्हा विभावरींकडे येऊ. त्या शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या होत्या. त्या काळात खरं नाव बाहेर येणं म्हणजे काय, याचा विचार करा. प्रकाशकाला नाव माहीत असणं वेगळं आणि गावाला माहीत असणं वेगळं. त्या विश्वासावरच पुस्तक उभं होतं.

म्हणून प्रत्येक प्रश्नापुढे एक खूण हवी : छापायचं, फक्त संपादकांसाठी, की काम झाल्यावर पुसायचं. टोपणनावाने लिहिणाऱ्याचं खरं नाव दुसऱ्या गटात. मोबाइल नंबर आणि खोली नंबर तिसऱ्या गटात. पूर्ण शीट सगळ्या समितीला शेअर करायची नाही. डिझाइन करणाऱ्याला फक्त छपाईचा रकाना पाठवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे : माहिती कशासाठी घेतोय ते सांगा, संमती घ्या आणि त्याच कामासाठी वापरा. मुलीने समितीला संपर्कासाठी दिलेला नंबर अंकात छापला गेला, तर त्रास तिला होतो, समितीला नाही.

शेवटी, प्रेसला फाइल देण्याआधी प्रत्येक लेखकाला त्याच्यापुरता मजकूर पाठवा : 'तुमची माहिती अशी छापत आहोत, बरोबर आहे का?' त्याचा होकार तारखेसकट नोंदवा. दोन दिवस जास्त जातील, जाऊ द्या. अंक पुढे कित्येक वर्षं लायब्ररीत राहणार आहे, आणि त्यात छापलेलं नाव त्या माणसाचं आहे. आपण फक्त ते सांभाळणारे!