सकस आहाराचे वर्ग : काही अनुभव

आमच्या वस्तीतील समाजमंदिरात आम्ही काही जणांनी सकस आहाराचे वर्ग भरविले, त्याविषयी हे चार शब्द. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तो आकडा वाचून आम्ही उत्साहाने कामाला लागलो, आणि पहिलाच वर्ग फसला. पाहुण्या बाईंनी बदाम, सफरचंद, पनीर यांची महती सांगितली. धुणीभांडी आटोपून आलेल्या भगिनी मुकाट्याने ऐकत होत्या. शेवटी एक आजी म्हणाल्या, "बाई, रेशनच्या तांदळाचं काय करायचं तेवढं सांगा."

चूक आमचीच होती. घरात काय आहे हे न विचारताच आम्ही शिकवायला निघालो होतो. पुढच्या वेळी प्रत्येकीने घरात असेल ते वाटीभर आणावे असे ठरले. तांदूळ, मटकी, हरभरे, सुकट, अंडी, शेवग्याचा पाला आला. आणि एकीने पदराआड लपवून कलेजी आणली. हा संकोच मुद्दाम नोंदवावासा वाटतो. ज्या अन्नाला पिढ्यान्‌पिढ्या नावे ठेवली गेली, त्यातले लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा शरीरात अधिक सहज शोषले जाते!

पालेभाजी-कडधान्यातले लोहही अंगी लागते. त्यावर लिंबू पिळावे. 'क' जीवनसत्त्वाची मदत होते. जेवणावर लगेच चहा मात्र घेऊ नये, त्याने अडथळा येतो. कडधान्य रात्रभर भिजविले की लवकर शिजते, गॅसही वाचतो. भाताचे पाणी ओतून दिले तर त्याबरोबर 'ब' जीवनसत्त्वे जातात. तीन-चार वाट्या तांदळाला वाटीभर डाळ घालून खिचडी केली, तर दोन्हींतील प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात.

एवढे सांगून आम्ही निश्चिंत झालो. बँकेत रोज हिशोब जुळविणारे आम्ही. पण घरातला हिशोब एका भगिनीनेच उलगडून दाखविला. कलेजी नवऱ्याला, अंडे मुलाला, आणि ती शेवटी जेवायला बसते तेव्हा पातेल्यात नुसता रस्सा उरतो. मग आमच्या लिंबाचा तिला काय उपयोग?

म्हणून तिसरा वर्ग रविवारी ठेवून पुरुषांनाही बोलाविले. निम्मेच आले. निवडणे-चिरणे त्यांच्याकडे दिले, कांदा फार जाड चिरला गेला. ताटे मात्र सर्वांची एकदम वाढली, मुलींची आणि आयांचीसुद्धा. आमच्या घरीही सौ. मागाहूनच जेवते, हे त्या दिवशी परत गेल्यावर आमच्या प्रथमच ध्यानात आले.