सरकत्या खिडकीची खाच व घर्षणाचा पाठ

घर्षण हा विषय शिकविताना उतरती फळी व लाकडी ठोकळा यांवरच बहुतेक शिक्षकांची भिस्त असते. परंतु मुलांची ने-आण करणारी जुनी गाडी ज्या शाळेपाशी उभी राहते, तेथे हा पाठ गाडीच्या खिडकीजवळच घ्यावा. सरकती काच अडली की मुले ती दोन्ही हातांनी हिसडतात व बोटे चेंगरून घेतात. फाल्गुन-चैत्राच्या उन्हात गच्च भरलेल्या गाडीच्या खिडक्या उघडेनाशा झाल्या, तर आतील लहान मुलांचे काय हाल होतात हे शिक्षकांस सांगावयास नको.

काच का अडते, हा प्रश्न प्रथम मुलांनाच विचारावा. खाचेच्या तळाशी धूळ साठते, पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि उन्हाने तो वाळून घट्ट बसतो. पाणी वाहून जावे म्हणून खाचेस ठेवलेली बारीक छिद्रे बुजतात. मग पाणी तुंबून पत्रा गंजतो व नमद्याचे अस्तर कुजते. अशा वेळी चालक बहुधा तेलाची धार सोडतो. चार दिवस काच सुरेख सरकते; पुढे तेलाला धूळ चिकटून खरखरीत लगदा होतो आणि काच पूर्वीपेक्षा अधिक अडते. खनिज तेलाने साध्या रबराची पट्टी फुगते, हा आणखी एक तोटा.

सफाईचे काम गाडी बंद असताना, चालकाच्या देखत व शिक्षकांनी स्वतः करावे. आधी कोरड्या कुंचल्याने धूळ काढावी. वाळलेला चिखल साबणाच्या कोमट पाण्याने भिजवून बांबूच्या चोयटीस फडके गुंडाळून खरवडावा. पेचकस वापरू नये. त्याने ॲल्युमिनियमवर चरे पडतात, आणि कडक केलेल्या काचेच्या कडेस त्याचा टोला बसला तर सबंध काच एकदम चुरा होऊन पडते. छिद्रे बारीक काडीने मोकळी करून त्यांतून पाणी वाहते का ते पाहावे. खाच पूर्ण वाळल्यावरच मेणबत्तीचा तुकडा तळावरून हलक्या हाताने फिरवावा, अथवा सिलिकोनचा फवारा फडक्यावर घेऊन पुसावा. पेन्सिलीतील ग्रॅफाइट हेही उत्तम कोरडे वंगण खरे. पण ओल लागताच त्याच्या संगतीने ॲल्युमिनियम झिजते, आणि मुलांचे गणवेश काळे होतात ते वेगळेच.

एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की कॅरमवर पूड टाकली तर सोंगटी धावते, मग धुळीने काच का अडावी? या प्रश्नाचे स्वागत करावे. बोरिक पुडीचे कण मऊ व थरांचे असतात आणि ते थर एकमेकांवरून घसरतात. वाळूचे कण कठीण व धारदार असल्याने ते रुतून बसतात.

शेवटी प्रत्येक मुलाच्या हाती रिकामी काड्यापेटी द्यावी. आतील खण एका कोपऱ्यावर बोट ठेवून ढकलला तर तो तिरपा होऊन अडतो. मध्यावर ढकलला तर सहज सरकतो. उंच काच वरच्या कोपऱ्यास धरून ओढली असता हेच घडते. म्हणून ती खालच्या खाचेच्या जवळ धरून सरकवावी. गाडी नसलेल्या शाळेत हा पाठ कपाटाच्या सरकत्या काचेवरही घेता येईल.