वेगवान गोलंदाजाची पारख

सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यात असलेल्या हिवरखेडसारख्या गावांत टेनिस चेंडूचे खुले सामने भरतात आणि त्यांत एखादा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा भराभर यष्ट्या उडवू लागला, की ‘पोट्टं लय फास्ट टाकते’ हा निर्वाळा आसपासच्या चार गावांत पोहोचतो. पालकांनी आणि शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी सावध व्हायचे ते नेमके याच टप्प्यावर, कारण हा निर्वाळा त्या मुलाच्या आजच्या वेगाबद्दलचा असतो, त्याच्या व्यावसायिक भवितव्याबद्दलचा नव्हे. साध्या टेनिस चेंडूचे वजन साठ ग्रॅमच्याही आत असते, तर पुरुषांच्या सामन्यांतील लेदर चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा असतो. शिवाय टेनिस चेंडूला शिवण नसल्याने मनगट चेंडूमागे सरळ राहते की नाही, म्हणजेच चेंडू शिवणीवर टाकता येतो की नाही, हे त्यावरून कळतच नाही.

अशा वेळी उमेश यादवचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. नागपूरजवळच्या वलनी येथील कोळसा खाणकामगाराचा हा मुलगा विशीच्या आसपास लेदर चेंडूकडे वळला, 2008 मध्ये रणजी सामन्यात उतरला आणि 2011 मध्ये विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू ठरला. मात्र या उदाहरणाचा अर्थ बहुधा उलटा लावला जातो. चौदाव्या वर्षी मुलाला शाळा सोडवून अकादमीत घातले पाहिजे, असे त्यातून मुळीच निघत नाही. उशिरा सुरुवात करूनही वर जाता येते, एवढेच निघते. अकोल्याचा आदित्य ठाकरे (राजकारणातले ते वेगळे) 2017 च्या डिसेंबरात इंदूरला दिल्लीविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यातच पदार्पण करता झाला. वऱ्हाडातून विदर्भाच्या संघापर्यंत वाट आहे, ती अशी.

मुख्यतः वेगावर बेतलेली पारख कुठवर पोहोचते, याचा सर्वांत स्पष्ट दाखला बेसबॉलमधला आहे. त्या खेळात चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. 2008 मध्ये एका अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेने भारतभर वेगमापक यंत्र लावून पिचर शोधले आणि त्यातून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग व दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक संघाने करारबद्ध केले. दोघांचे कष्ट निर्विवाद होते, पण दिनेश दोन वर्षांत परतला, रिंकूला दुखापतींनी गाठले, आणि मुख्य लीगमध्ये दोघांपैकी एकही पोहोचला नाही. यंत्राने हाताचा जोर मोजला होता. तोच चेंडू त्याच जागी पुन्हा पुन्हा टाकण्याची सवय वेगमापक यंत्र मोजत नाही.

ती सवय मुरमाच्या खेळपट्टीवर डोळ्यांनी पाहता येते. षटक संपल्यावर क्रीजपाशी जाऊन पुढच्या पायाच्या सहा खुणा पाहाव्यात: त्या वीतभर जागेत एकवटलेल्या असतील तर धावत येण्याची लय जुळलेली आहे, हातभर विखुरलेल्या असतील तर वेग कितीही असला तरी काम बाकी आहे. हीच पाहणी मुलगा दमल्यावर, तिसऱ्या स्पेलमध्ये, म्हणजे विश्रांतीनंतर पुन्हा चेंडू हाती घेतल्यावर करावी. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्या षटकावरून दिलेला कोणताही अभिप्राय कच्चाच समजावा.

वयाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. लवकर वयात आलेला, मिसरूड फुटलेला चौदा वर्षांचा मुलगा बरोबरीच्यांत राक्षसासारखा वेगवान वाटतो आणि दोन-तीन वर्षांत इतर मुले वाढली की त्याची आघाडी विरते. वयोगटातील निवडीत क्रिकेट मंडळ डाव्या मनगटाच्या व हाताच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरवते, त्यामुळे दाखल्यावरचे वय कमी करून मिळवलेली चमक तिथे टिकत नाही. निवड चाचणीच्या नावाखाली ‘जागा पक्की’ करून देतो म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवावे.

सर्वांत मोठा धोका मात्र कमरेचा. खांदे एका दिशेला आणि कंबर दुसऱ्या दिशेला वळलेली असेल, तर त्या शैलीला मिश्र शैली म्हणतात. तिच्यामुळे आणि अतिरिक्त षटकांमुळे वाढत्या वयात कमरेच्या मणक्याला बारीक तडा जातो, ज्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. उजव्या हाताच्या गोलंदाजाला कमरेच्या डाव्या बाजूस, विशेषतः मागे वाकताना, दुखत असेल तर ते ‘अंग आंबले’ म्हणून तेल चोळण्याचे दुखणे नव्हे, अस्थिरोगतज्ज्ञाकडे नेण्याचे आहे. अमेरिकेत 13-14 वर्षांच्या पिचरला दिवसाला 95 पेक्षा अधिक चेंडू टाकू नयेत आणि 66 किंवा त्याहून अधिक टाकल्यास चार दिवस विश्रांती द्यावी, अशी मार्गदर्शक सूचना आहे. क्रिकेटची कृती निराळी असल्याने हे आकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत, पण मोजण्याची शिस्त उचलता येते. गावाकडच्या मुलाची अडचण अशी, की शनिवारी शाळेचा संघ, रविवारी गावाचा आणि मधल्या वारी शेजारच्या गावाचा संघ त्याला बोलावतो आणि एकाचे चेंडू दुसऱ्याच्या हिशेबात येत नाहीत. तेव्हा वही प्रशिक्षकाने नव्हे, तर घरच्यांनी ठेवावी आणि तीत टेनिस चेंडूचे सामनेही धरावेत.