काखेतला पट्टा

आरशात मी तिला पाहिलं होतं. सहा वर्षांची माझी लेक मागे डाव्या खिडकीशी बसली होती, पट्टा लावलेला होता, पण खांद्यावरून येणारा भाग मानेला काचतो म्हणून तिने तो काखेखालून घेतला होता. मला दिसलं. 'असू दे, लावलाय ना,' असं मनाशी म्हणून मी पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. पुढे दहा मिनिटांत जे झालं त्यात बाकी सगळ्यांची चूक थोडी थोडी होती. ही मात्र पूर्ण माझी.

आणि गंमत अशी, की आमच्या घरात सीटबेल्टची सक्ती माझीच. चौकात पोलीस दिसला की पट्टा नुसता छातीवर ओढून धरायचा, असली नाटकं मी कधी चालू दिली नाहीत. गाडी मीच चालवते, आणि पट्टे लागल्याशिवाय पहिला गिअर पडत नाही असा माझा लौकिक.

जानेवारीचे दिवस होते, ऊसतोडीचा हंगाम. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून संध्याकाळी साडेसातला पुण्याला निघालो. नवरा शेजारी, मागे लेक आणि माझ्या सीटच्या मागे सासूबाई. "हायवेला लागलो की लावते गं," त्या म्हणाल्या. खरी अडचण वेगळीच होती. दिवाळीत नवी सीटकव्हरं घातली, तेव्हा मागची बकलं त्यांच्याखाली गाडली गेली होती. लेकीचं तेवढं मी उकरून काढलं होतं. आजीचं काढायचं राहिलं.

गावाबाहेरचं वळण संपलं आणि समोर उसाची ट्रॉली. टायर फुटून रस्त्यातच उभी, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरवर ऊस लोंबत होता. मी साठच्या आसपास होते. ब्रेक लागला, पण थांबलो नाही. आदळलो तेव्हा वेग चाळीसच्या घरात असावा.

चाळीस म्हणजे काही नाही, असं आपण रोज म्हणतो. चाळीसने भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण सहा मीटरवरून खाली पडणं, दुसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखंच. आपण रस्त्याला समांतर पडतो म्हणून ते पडणं वाटत नाही, इतकंच.

एअरबॅग उघडताना काय दिसतं, असं मला पुष्कळांनी विचारलं. काहीच दिसत नाही. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत ती फुगलेली असते, आणि आपण बघतो तोवर रिकामी होऊन लोंबत असते. सुतळी बॉम्बसारखा आवाज, पांढरी पूड, जळका वास. गाडी पेटली असंच मला वाटलं. त्याच क्षणी पाठीत कुणी धान्याचं पोतं फेकावं तसा दणका बसला. त्या सासूबाई होत्या.

त्यांचं मनगट मोडलं, पुढचे दोन दात गेले. नवऱ्याने पट्टा लावला होता, त्याच्यासमोरची एअरबॅगही उघडली, तरी गालाच्या हाडावर सात टाके. कारण त्या एअरबॅगच्या झाकणावरच आमचा गणपती बसवलेला होता. पितळेचा, वीतभरही नाही, डबल टेपने घट्ट चिकटवलेला. एअरबॅग ताशी दोन-तीनशे किलोमीटरच्या वेगाने बाहेर येते, आणि वाटेत जे असेल ते समोरच्याच्या तोंडावर जातं. "बाप्पाने स्वतःवर घेतलं," असं सासूबाई आजही म्हणतात. मी वाद घालत नाही. पण बाप्पा आता घरच्या देव्हाऱ्यात आहेत आणि गाडीत स्पीडोमीटरच्या कडेला बोटाएवढं स्टिकर. डॅशबोर्डवर अत्तराची बाटली, मोबाइलचा स्टँड, नारळ, काहीही ठेवणाऱ्यांनी आपल्या गाडीचं एअरबॅगचं झाकण कुठे आहे ते आधी बघावं. तिथे बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं. पाय वर टाकून झोपणाऱ्यांना तर मी आता हात जोडून विनंती करते.

लेक मात्र जागच्या जागी बसली होती. रक्त नाही, खरचटलं नाही. नुसतं म्हणाली, "आई, पोटात दुखतंय." फ्रॉक वर केला तर डाव्या बरगड्यांखालून पोटावर लाल-निळा पट्टा उमटलेला, अगदी पट्टीने आखावा तसा. साताऱ्याच्या रुग्णालयात सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. प्लीहेला चीर. शस्त्रक्रिया लागली नाही, पण सहा दिवस तिला पलंगावरून उठू दिलं नाही, आणि दर काही तासांनी रक्त तपासलं जायचं. पोटावर पट्ट्याचा वळ दिसला तर मूल हसत-खेळत असलं तरी घरी न्यायचं नाही, हे मी तिथे शिकले. आतड्याची इजा कधीकधी दुसऱ्या दिवशी बोलते.

तिथल्या सर्जन बाईंनी मला समजावलं ते एका वाक्यात. पट्ट्याने माणसाला हाडांवर धरायला हवं, तुमच्या लेकीला त्याने मांसावर धरलं.

मला तोवर वाटायचं, पट्टा म्हणजे दोरी, बांधली की झालं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हा तीन टोकांचा पट्टा 1959 साली व्होल्वोच्या नील्स बोहलिन या स्वीडिश अभियंत्याने बसवला. आधी हा गृहस्थ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवायचा. माणूस बाहेर फेकता फेकता त्याला गाडीत धरून ठेवायची युक्ती सुचली! कंपनीने ते पेटंट इतर कारखान्यांनाही खुलं ठेवलं. त्या युक्तीचा गाभा एवढाच, की माणसाच्या अंगात दणका सोसतील अशा जागा थोड्या: छातीचा पिंजरा, हासळीचं हाड आणि कमरेची दोन हाडं. खालचा पट्टा कमरेच्या हाडांवरून, मांड्यांना टेकून जायचा, पोटावरून नाही. वरचा हासळीच्या मध्यावरून छातीच्या मधोमध. काखेत घेतला की तो नेमका खालच्या बरगड्यांवर येतो. डावीकडे त्यांच्यामागे प्लीहा असते, उजवीकडे यकृत.

मुलं तो काखेत का घेतात? हट्टाने नाही. पट्टा मोठ्यांच्या मापाचा आहे, म्हणून. सहा वर्षांच्या मुलाच्या मानेवरूनच तो जातो, आणि त्यांची कमरेची हाडं अजून पुरती उभी राहिलेली नसल्याने खालचा पट्टाही पोटावर सरकतो. त्यावर उपाय आहे बूस्टर. मुलाला उंच करणारी बैठक, पाठ असलेली घेतली तर उत्तम. ती लेकीला मी घेऊन दिली नव्हती, कारण 'आता काय बाळ आहे का ती' असं मला वाटायचं. चाइल्ड सीट ही तान्ह्यांची वस्तू असा आपला समज. खरं तर उंची साधारण पावणेपाच फूट होईपर्यंत बूस्टर लागतो. पारख सोपी आहे: पाठ सीटला पूर्ण टेकवून बसवा. गुडघे सीटच्या कडेला वाकतात का, पट्टा मांडीवर आणि खांद्यावर बसतो का, आणि झोप लागल्यावरही तसाच राहतो का, ते बघा. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा.

आता त्या दिवशी जे घडलं नाही त्याविषयी. सकाळी गावी जाताना नणंद आणि तिचा अकरा महिन्यांचा मुलगा आमच्यासोबत होते. तो पुढे, नवऱ्याच्या मांडीवर, दोघांना मिळून एकच पट्टा. 'पुढे त्याला गंमत वाटते.' दोघं गावीच राहिले, म्हणून. नाहीतर काय, हे वाक्य आमच्या घरात कुणी पुरं करत नाही, पण मी इथे करते. दहा किलोचं बाळ त्या दणक्यात शंभर किलोच्या वर जड होतं. पैलवानाच्याही हातातून ते सुटेल. एकाच पट्ट्यात दोघं असतील तर मागच्या मोठ्या माणसाचं वजन त्याला पट्ट्यावर चिरडतं. आणि समोरून एअरबॅग.

बाळाची जागा मागे, त्याच्या मापाच्या सीटमध्ये, तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार जड आणि मान कोवळी. पाठमोरं बसवलं की दणका सगळ्या पाठीवर वाटला जातो. सव्वा वर्षापर्यंत तरी असंच, आणि सीट परवानगी देत असेल तर पुढेही जितकं लांबवता येईल तितकं. पाय दुमडतात म्हणून आज्या हळहळतात, दुमडू देत. अशी पाठमोरी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीच लावायची नाही. उन्हाची झडप खाली पाडा, त्यावर हे चित्रासकट छापलेलं असतं. मी चार वर्षं त्याच झडपेच्या आरशात कुंकू नीट करत आले आणि ते कधी वाचलं नाही.

सीट विकत आणली म्हणजे बसवली असं नाही. सीट थेट गाडीला अडकवणारे आयसोफिक्सचे आकडे असतील तर खटका ऐकू यायला हवा. पट्ट्याने बांधली असेल तर बुंध्याशी धरून हलवा, इंचभराहून जास्त हलता कामा नये. बाळाचे पट्टे इतके घट्ट, की खांद्यावर चिमटीत घडी येणार नाही. थंडीत जाड जाकीट घालून बांधलं की सगळी घट्टाई त्या कापसाचीच असते. आधी बांधा, मग वरून पांघरूण घाला.

मोठ्यांबद्दल फार सांगायला नको, तरी दोन-तीन गोष्टी राहवत नाहीत. मी बुटकी. सीट पुढे ओढून स्टिअरिंगला छाती टेकवून चालवायची सवय होती. छाती आणि स्टिअरिंग यांत निदान वीतभराहून थोडं जास्त, 25 सेंटिमीटर, अंतर हवं. नाहीतर एअरबॅग उघडतानाच आपल्यावर येते. सीट झोपवून डुलकी काढणाऱ्याचा पट्टा गळ्याशी नि पोटावर जातो, तो माणूस दणक्यात पट्ट्याखालून घसरतो. गरोदर बाईने पट्टा लावायचाच, फक्त खालचा भाग पोटाच्या खालून. आणि एअरबॅग आहे म्हणून पट्टा नको, हे डोक्यातून काढा. पट्ट्याने धरलेल्या माणसाला ती आधार देते. मोकळ्या माणसाला ती ठोसा मारते. टिंगटिंग बंद करायला बकलमध्ये नुसत्याच क्लिपा खोचतात, त्या ऑनलाइन सर्रास मिळत. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या विक्रीतून काढायला लावल्या, पण नातेवाइकांच्या गाड्यांत मला अजून दिसतात.

मागच्या सीटचा कायदा नवा नाही. नियम आधीपासून होता, 2019 च्या दुरुस्तीने दंड 1000 रुपये झाला, चौदा वर्षांखालच्या मुलाला न बांधता नेलं तरी तेवढाच. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघरजवळ चारोटीला उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघातात मागच्या सीटवर, पट्ट्याविना, अंत झाला, तेव्हा थोडे दिवस सगळे मागेही पट्टे लावत होते. आमच्याकडे मात्र नंतर बकल कव्हरखालीच गेलं. तेव्हा आज संध्याकाळी खाली जा आणि मागची बकलं हाताला लागतात का बघा. कव्हर शिवताना सीटच्या बाजूची एअरबॅग झाकली गेली नाही ना, तेही.

गाडी दुरुस्त होताना सर्व्हिस सेंटरच्या माणसाने पट्टे 'चालतील' म्हणून सांगितलं होतं. चालत नाहीत. दणक्यात आतला बार उडून पट्टा एकदा ओढला गेला, की त्याचं काम संपतं. मी भांडून ते सगळे बदलून घेतले.

लेक आता बूस्टरवर बसते, खिडकीतून जास्त दिसतं म्हणून खूश आहे. भाच्याला सीट आम्हीच घेऊन दिली. पहिल्या खेपेला खेड-शिवापूरपर्यंत त्याने आकांत मांडला. गाडी बाजूला घेतली, नणंदेने त्याला बाहेर काढून पाजलं, पुन्हा बांधला, पुन्हा रडला. शिरवळला झोपला. सासूबाई अजून कुरकुरतात, पदर चुरगळतो म्हणून. मग पदर पट्ट्याच्या वर काढून नीट करतात आणि मागून विचारतात, "खटका ऐकू आला का गं तुला?"